रंगवलेला सैनिक दाखवताना काय विचारावं

पहिली दोन वर्षं मी टेबलावरच्या युद्धखेळासाठी रंगवलेला प्रत्येक इवलासा सैनिक पुढे करून एकच प्रश्न विचारायचे, ‘कसा झालाय?’ उत्तरंही ठरलेली. ‘भारी!’, ‘एक नंबर!’, ‘एवढं बारीक जमतं तरी कसं गं तुला?’ ऐकून बरं वाटायचं, पण पुढचा सैनिक हुबेहूब आधीच्यासारखाच व्हायचा. २८ मिलिमीटरच्या माणसाचं डोकं तुरीच्या दाण्याएवढं असतं. तिथे नेमकं काय बघायचं हे समोरच्याला सांगितलं नाही, तर तो बिचारा कौतुकाशिवाय दुसरं काय करणार?

मी असईच्या लढाईसाठी मराठी फौज रंगवते आहे. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातली जागा, एकीकडे शिंदे-भोसल्यांची फौज, दुसरीकडे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. माझ्या घोडेस्वारांना मी पांढरे अंगरखे दिले आहेत, आणि पांढऱ्या रंगाने मला जेवढं रडवलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच रंगाने नाही. खरं मत म्हणजे काय, हे मला या अंगरख्यांमुळेच कळलं.

एका रविवारी खेळायला बसण्याआधी मी माझ्या खेळातल्या जोडीदाराच्या हातात एक घोडेस्वार दिला आणि विचारलं, ‘याच्या अंगावरचं कापड कसलं वाटतं?’ त्याने सैनिक फिरवून पाहिला आणि म्हणाला, ‘कापड? मला तर खडू वाटतोय.’ दोन वर्षांत मिळालेलं ते पहिलं उपयोगी वाक्य. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं तर पटलंच. पांढरा रंग बाटलीतून थेट, जाडसर लावलेला. चुण्या बुजलेल्या, वर पावडरीसारखा खरखरीतपणा. पुढच्या सैनिकाला सुरुवातच फिक्या राखाडीत किंचित खाकी मिसळून केली. रंग दुधाइतका पातळ, एक हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. चुण्यांच्या आत तो राखाडी तसाच राहू दिला, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर, गुडघ्यावर आणि बाहीच्या कडेला. पुढच्या रविवारी तोच प्रश्न, तोच माणूस. म्हणाला, ‘सुती. धुऊन वाळत घातलेलं.’

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की ‘आवडलं का?’ हे विचारूच नका. समोरच्याला जे दिसतंय ते त्याच्या तोंडून वदवून घ्या. नजर आधी कुठे गेली? ऊन कुठल्या बाजूने येतंय? हे कातडं आहे की लाकूड? असे प्रश्न रंगकामातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही विचारता येतात, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा जाणकाराइतकंच कामाचं निघतं. मला नजर चेहऱ्यावर जायला हवी असेल आणि तीन जणांपैकी दोघांनी ‘ढाल’ म्हटलं, तर ढालीचा लाल रंग मंद करायचा. तिथे वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. माझा मावसभाऊही रंगवतो, तो म्हणाला, ‘हायलाइट फार कडक झालेत.’ हायलाइट म्हणजे उजेड पडतो त्या उंचवट्यांवर दिलेली फिकी छटा. त्याच दिवशी खेळातला जोडीदार म्हणाला, ‘हायलाइट दिसतच नाहीयेत.’ मी चक्रावले. नंतर लक्षात आलं की भाऊ सैनिक नाकाशी धरून बघत होता आणि जोडीदार टेबलापलीकडून, तीन फुटांवरून. दोघंही बरोबर होते. तेव्हापासून दाखवतानाच सांगते, ‘हा फौजेतला आहे, टेबलावर ठेवून बघ,’ किंवा ‘हा कपाटात ठेवायचाय, हातात घे.’ फौजेतल्या सैनिकाबाबत दोन मतं एकमेकांविरुद्ध गेली तर मी तीन फुटांवरच्याचं ऐकते. सोबत थोडी माहितीही द्यावी: प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) काळा की पांढरा, वॉश (खोलगट जागी साचणारा पातळ गडद रंग) कुठे दिला, अंदाजे किती तास लागले. दोन तासांच्या शिपायाला वीस तासांच्या सरदाराचं माप कोणी लावू नये.

माणूस लांब असेल तर फोटोवर भागवावं लागतं, आणि वाईट फोटोवर मिळालेलं मत हे फोटोचंच असतं. मागे करड्या रंगाचा कार्डशीट ठेवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोन सैनिकाला काळवंडून टाकतो, काळ्यावर पांढरा अंगरखा जळून जातो, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो. दोन बाजूंना दोन डे-लाइट दिवे, त्यांच्यापुढे बटर पेपर. बटर पेपर दिव्याला चिकटवू नका, वीतभर अंतर राहू दे. फोन फूटभर लांब धरून झूम करा. अगदी जवळ नेला तर नाक मोठं आणि पाय बारीक दिसतात. पुढून एक, मागून एक, आणि एक मुद्दाम तीन फुटांवरून. हेच फोटो आधी स्वतः कृष्णधवल करून बघा. पागोटं, चेहरा आणि अंगरखा एकाच करड्या छटेत मिसळून गेले, तर दुसऱ्याला विचारण्याआधीच काय करायचं ते कळलं.

डोळ्यांचं मात्र मला पेणमध्ये उमगलं. घरच्या गणपतीची मूर्ती ठरवायला गेले होते, पर्समध्ये एक शिपाई होता. कारखान्यात आखणी करणाऱ्या, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणाऱ्या काकांना मी धीर करून विचारलं, ‘काका, याच्या डोळ्यांत काय चुकलंय?’ त्यांनी चष्मा वर सरकवला, शिपाई उजेडाकडे धरला आणि म्हणाले, ‘बुबुळ वरच्या पापणीला टेकलं पाहिजे. चारी बाजूंनी पांढरं दिसलं की डोळे वटारल्यासारखे दिसतात.’ माझे सगळेच शिपाई तोवर डोळे वटारून उभे होते! आता मी आधी खोबणीभर गडद तपकिरी भरते, त्यावर मळकट पांढऱ्याची बारीक रेघ ओढते, आणि मग वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत एकच उभी गडद रेघ. चुकलेल्या कडा कातडीच्या रंगाने आत घेते. तुमच्या ओळखीत मूर्तिकार असेल, शिवणकाम करणारं कोणी असेल, तर त्यांना जरूर दाखवा. चुणी कशी पडते हे शिवणाऱ्या बाईला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

मत ऐकताना आपण गप्प बसायचं. ‘अगं, तो रंग संपला होता’ म्हटलं की समोरचा मऊ पडतो आणि पुढचं वाक्य गिळून टाकतो. त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. ‘खडू’ या शब्दाने मला जे शिकवलं ते ‘पांढरा नीट नाही’ अशा नोंदीने शिकवलं नसतं.

दाखवायची योग्य वेळ वार्निशच्या आधीची, आणि त्याहूनही आधी, बेसकोट (प्रत्येक भागाचा मूळ रंग) आणि वॉश झाल्यावरची. साच्याच्या जोडाची रेघ राहिली असेल किंवा वॉश सुकताना सपाट जागी डाग धरला असेल, तर तेव्हा सांगितलेलं उपयोगी पडतं. पावसाळ्यात तर हे फारच सांभाळा. दमट हवेत मॅट वार्निशचा स्प्रे मारला की वर पांढुरकी साय धरते, आणि मग सगळी मतं त्या सायीवरच येतात.

मत मिळालं म्हणून तोच सैनिक पुन्हा रंगवायला घेऊ नका. रंगाचे थर चढून चेहरा बुजतो. सुधारणा पुढच्यावर करा, आणि एका सैनिकावर एकच. जुना तसाच ठेवून नवा शेजारी उभा करा आणि पुन्हा त्याच माणसाला तोच प्रश्न विचारा.

इंग्लंड-युरोपात असाल तर प्रदर्शनांतल्या स्पर्धांचा लाभ घ्या. काही ठिकाणी कामं एकमेकांशी नाही, तर ठरलेल्या दर्जाशी ताडून बघतात, त्यामुळे एकाच गटात अनेकांना सुवर्ण मिळू शकतं. निकालानंतर परीक्षक भेटले तर एवढंच विचारायचं, ‘वरच्या पदकासाठी यात काय कमी पडलं?’

सध्या टेबलावर काळा घोडा आहे, नुसता बेसकोट झालेला. वहीत त्याच्यापुढे प्रश्न लिहून ठेवलाय, ‘हा घामाने चमकतोय की नुसता प्लास्टिकसारखा चकाकतोय?’ रविवारी विचारणार आहे.