फ्री एजंट कोण घ्यावा? एनबीएच्या या वादात या चुका टाळा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 30 जूनच्या संध्याकाळी सहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे 1 जुलैची पहाट असते. साडेतीन वाजलेले असतात आणि एनबीएची, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगची, फ्री एजन्सी उघडते: करार संपलेल्या खेळाडूंशी, म्हणजे फ्री एजंटांशी, सगळे संघ बोलणी करू शकतात. त्याआधीचे पंधरा दिवस आमच्या मित्रांच्या गटात वाद पेटलेला असतो: यंदा कुणाला घ्यायचं?

माझा संघ सॅक्रामेंटो किंग्ज. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स यांच्यात दोन सराव सामने झाले. भारतात झालेले ते पहिले एनबीए सामने. पहिला ओव्हरटाइममध्ये गेला आणि पेसर्सनी 132-131 असा घेतला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. एवढं नातं मला पुरलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी या संघासाठी भांडतो, आणि खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

नावापासून सुरुवात करणं

वाद बहुधा एखाद्या नावाने सुरू होतो. कुणीतरी म्हणतं, "हा मोकळा होतोय, घ्याच!" मग तो चांगला की वाईट यावर दोन तास जातात. पण प्रश्न तो नसतोच. एनबीएत करार मिळवणारा जवळजवळ प्रत्येक जण चांगलाच असतो. विचारायचं ते असं: आपल्याकडे काय कमी आहे, आपल्या खिशात किती आहे, आणि त्या पैशात किती वर्षांसाठी कोण येईल? आमच्या गटात आता एक नियम आहे. नाव घेणाऱ्याने त्याच वाक्यात रक्कम आणि वर्षंही सांगायची. निम्मे वाद तिथेच मिटतात.

संपणारे पगार वजा केले की जागा झाली, असं समजणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

2025-26 साठी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, 15 कोटी 46 लाख डॉलर होती. सवलती वापरून ती ओलांडता येते. संघाचे पक्के पगार 11 कोटी असतील तर साडेचार कोटी मोकळे, असा हिशोब आपण बोटांवर करतो. तो चुकतो. ज्यांचे करार संपलेत ते खेळाडूही कागदावर जागा अडवून बसलेले असतात. याला कॅप होल्ड म्हणतात. संघाने त्यांच्यावरचा हक्क सोडला तरच ती जागा सुटते, आणि हक्क सोडला की कॅप ओलांडून त्यांना परत घेण्याची सवलतही जाते. ही सवलत लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाते. एकाच संघात तीन हंगाम काढलेल्या खेळाडूला संघ कॅपची पर्वा न करता कमाल पगारापर्यंत देऊ शकतो. दोनच हंगाम झाले असतील तर मर्यादा येते: ढोबळमानाने आधीच्या पगाराच्या पावणेदोन पट किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या जरा वर, यांपैकी जे जास्त असेल ते.

मलिक मंकचं उदाहरण घ्या. 2022 मध्ये किंग्जनी त्याला दोन वर्षांसाठी सुमारे 1 कोटी 90 लाखांत आणलं. 2024 मध्ये तो मोकळा झाला तेव्हा आमच्यातले काही जण "त्याला आणखी द्या, नाहीतर जाईल" म्हणून कासावीस झाले होते. पण आणखी देणं शक्यच नव्हतं. दोनच हंगाम झालेले, त्यामुळे चार वर्षांचे 7 कोटी 80 लाख ही किंग्जची वरची हद्द होती. मंकने तेवढ्यावर सही केली, हे आमचं भाग्य. त्याच उन्हाळ्यात न्यू यॉर्क निक्सचा आयझेया हार्टेनस्टाइन याच नियमात अडकला. निक्सना चार वर्षांचे सुमारे 7 कोटी 25 लाखच देता येत होते. ओक्लाहोमा सिटीकडे मोकळी जागा होती, त्यांनी तीन वर्षांचे 8 कोटी 70 लाख दिले. निक्स कंजूष होते असं म्हणणाऱ्याने नियम वाचलेला नव्हता.

कॅप होल्डचा फायदाही उठवता येतो. 2015 मध्ये स्पर्सनी कवाय लेनर्डला सहीसाठी थांबवून ठेवलं. त्याचा होल्ड फक्त 72 लाखांच्या आसपास होता आणि नवा पगार त्याच्या दुपटीहून जास्त होणार होता. मधल्या जागेत त्यांनी लमार्कस ऑल्ड्रिजला बसवलं, मग लेनर्डची सही घेतली. आधी आणि नंतर एवढाच फरक, पण त्यावर अख्खा ऑल्ड्रिज मिळाला. म्हणून वादात केवळ यादी मांडू नका, सह्यांचा क्रमही मांडा.

कॅप ओलांडलेल्या सगळ्या संघांना एकाच मापाने मोजणं

लीग आणि खेळाडू यांच्यातल्या 2023 च्या सामूहिक करारानंतर एकूण पगाराच्या, कॅपच्याही वरच्या, दोन रेषा महत्त्वाच्या झाल्या, पहिला एप्रन आणि दुसरा एप्रन. 2025-26 मध्ये त्या साधारण 19 कोटी 59 लाख आणि 20 कोटी 78 लाखांवर होत्या. पहिल्या रेषेखाली राहायला तयार असलेल्या संघाला 1 कोटी 41 लाखांचं मिड-लेव्हल (कॅप ओलांडूनही नवा खेळाडू घेण्याची सवलत) वापरता येत होतं. तिच्या वर, पण दुसरीच्या खाली, असलेल्या संघाला जेमतेम 56 लाख 85 हजार. दुसरीच्या वर काहीच नाही, फक्त किमान पगाराचे करार. त्यात दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणायलाही मनाई.

तेव्हा कुठल्याही नावावर भांडण्याआधी आपला संघ यातल्या कुठल्या मजल्यावर उभा आहे ते पाहा. साइन-अँड-ट्रेडने (जुना संघ खेळाडूची सही घेऊन लगेच त्याला दुसऱ्या संघाला देतो) खेळाडू आणणारा संघ त्या हंगामापुरता पहिल्या एप्रनला बांधला जातो. ती रेषा मग एका डॉलरनेही ओलांडता येत नाही. "आधी त्याला साइन-अँड-ट्रेडने आणू, मग आणखी दोघांना" असं बेत आखणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं.

गुणांची सरासरी बघून भुलणं

2024 मध्ये डीमार डरोझन तीन वर्षांच्या सुमारे 7 कोटी 40 लाखांच्या करारावर, साइन-अँड-ट्रेडनेच, सॅक्रामेंटोत आला. मी आनंदाने वेडा झालो होतो. त्याने आपलं काम केलं, सामन्यामागे 22 च्या आसपास गुण दिले. पण त्या व्यवहारात हॅरिसन बार्न्स स्पर्सकडे गेला. बार्न्स चेंडू हातात न धरता कोपऱ्यात उभा राहून तीन गुणांचे फटके मारायचा आणि अंगाने दणकट फॉरवर्डना अडवायचा. डीअॅरन फॉक्स, सबोनिस आणि मंक या तिघांनाही चेंडू हातात लागतो. चौथाही तसाच आला. 46 विजयांवरून संघ 40 वर घसरला, डिसेंबरमध्ये प्रशिक्षक माइक ब्राउन गेले, फेब्रुवारीत फॉक्स गेला. हे सगळं डरोझनमुळे झालं असं मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. पण बचाव आणि लांबचे फटके ही आमची गरज होती आणि आम्ही मधल्या अंतराचा बादशहा आणला, हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

याच्या उलट ओक्लाहोमा. त्यांच्याकडे गुण करणारे भरपूर होते. रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू) घेणारा, स्क्रीन लावणारा (अंगाने वाट अडवून सहकाऱ्याला मोकळं करणारा), उंचीने आधार देणारा माणूस नव्हता. हार्टेनस्टाइनची गुणसरासरी कधीच कुणाला भुरळ पाडणारी नव्हती. पहिल्याच हंगामात, 2025 मध्ये, ते विजेते झाले.

आणि वरळीला आलेला तो संघ आठवतो. त्या उन्हाळ्यात किंग्जनी सेंटर म्हणून ड्वेन डेडमनला तीन वर्षांचे 4 कोटी दिले होते आणि रिशॉन होम्सला दोन वर्षांचे सुमारे 1 कोटी. आमच्या चर्चेत होम्सचं नावही नव्हतं. हंगाम सुरू होऊन काही आठवडे होतात तोच होम्स सुरुवातीच्या पाचांत होता. डेडमनने डिसेंबरमध्ये उघडपणे दुसरा संघ मागितला, त्याबद्दल लीगने 50 हजार डॉलर दंड केला, आणि फेब्रुवारीत तो ज्या अटलांटातून आला होता तिथेच परत गेला. तेव्हापासून यादीत दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतल्या नावांना मी पहिल्या नावाइतकाच वेळ देतो.

थोडक्या सामन्यांवर भाळू नका, हेही इथेच सांगतो. 2005 च्या प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीत) सिअॅटलच्या जेरोम जेम्सने सामन्यामागे 12.5 गुण केले. त्याआधीच्या नियमित हंगामात ते 5 च्या आत होते. निक्सनी प्लेऑफ पाहिला आणि पाच वर्षांचे 3 कोटी दिले. पुढे तो फारसा खेळलाच नाही.

रकमेला घाबरणं, किंवा अजिबात न घाबरणं

डॉलरचा आकडा एकटा काही सांगत नाही, तो कॅपच्या किती टक्के आहे ते सांगतं. 2022 मध्ये निक्सनी जेलन ब्रन्सनला चार वर्षांचे 10 कोटी 40 लाख दिले तेव्हा "जास्त दिले" असा ओरडा झाला. तो करार उतरत्या पगाराचा होता आणि कॅप चढत होती. पहिल्या वर्षी कॅपच्या सुमारे 22 टक्के, तिसऱ्या वर्षी 18 च्या आत. तोवर ब्रन्सन ऑल-स्टार झाला होता.

उलटं उदाहरण 2016 चं. नव्या टीव्ही करारामुळे कॅप 7 कोटींवरून एकदम 9 कोटी 41 लाखांवर गेली आणि सगळ्यांच्याच खिशात एकाच वेळी पैसा आला. लेकर्सनी टिमोफी मोझगोव्हला 6 कोटी 40 लाख आणि लुओल डेंगला 7 कोटी 20 लाख दिले, दोघांनाही चार वर्षांसाठी. मोझगोव्ह वर्षभरात गेला, पण त्याचा करार कुणी घ्यावा म्हणून सोबत डी'अँजेलो रसेल द्यावा लागला. दोनच वर्षांपूर्वी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू. वाईट करारातून सुटताना अशी किंमत मोजावी लागते, आणि वाद घालताना ती कुणी धरतच नाही.

वयाबद्दल एवढंच: करार संपेल तेव्हा खेळाडू किती वर्षांचा असेल, ते आधी म्हणा. पॉल जॉर्जला फिलाडेल्फियाने 34 व्या वर्षी चार वर्षांचे 21 कोटी 20 लाख दिले. पहिल्या हंगामात तो 41 सामने खेळला.

रिस्ट्रिक्टेड खेळाडूला मोकळा समजणं

रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटला तुम्ही ऑफर शीट, म्हणजे कराराचा लेखी प्रस्ताव, देता, त्याचा मूळ संघ तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवून घेतो, आणि मधल्या काळात तुमचे पैसे अडकून राहतात. 2022 मध्ये पेसर्सनी डिआंद्रे एटनला चार वर्षांचे 13 कोटी 30 लाख देऊ केले, सन्सनी त्याच दिवशी ते मान्य करून टाकले. अशा नावासाठी भांडताना मूळ संघ किती रकमेला मागे हटेल, हेच एक विचारायचं.

तोंडी ठरलं म्हणजे झालं, असं धरून चालणं

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी आमची दर वर्षीची गत. पहाटे साडेतीनला बातम्या येऊ लागतात, पण बहुतेक करारांवर सही होते 6 जुलैला, आपल्या रात्री साडेनऊनंतर. 2015 मध्ये डिआंद्रे जॉर्डनने डॅलसला होकार दिला होता. सह्या सुरू होण्याच्या काही तास आधी त्याच्या जुन्या संघाची, क्लिपर्सची, माणसं ह्यूस्टनला त्याच्या घरी जाऊन बसली आणि तो त्यांच्याकडेच राहिला. तोवर डॅलसने जॉर्डन आलाच असं धरून पुढची आखणी केली होती.

आमच्या वाट्याला हे 2020 मध्ये आलं. कोविडमुळे त्या वर्षी बाजार नोव्हेंबरमध्ये भरला. आमचा रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट बोग्दान बोग्दानोविच मिल्वॉकीला जाणार, बदल्यात डाँटे डिव्हिन्चेन्झो आणि आणखी काही मिळणार, अशी बातमी आली. आम्ही रात्रभर नवा संघ मांडत बसलो. व्यवहार फिसकटला. लीगने चौकशी केली आणि वेळेआधी बोलणी केल्याबद्दल मिल्वॉकीची ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची एक निवड काढून घेतली. मग अटलांटाने बोग्दानोविचला चार वर्षांच्या 7 कोटी 20 लाखांची ऑफर शीट दिली. किंग्जकडे 48 तास होते. त्यांनी ती रक्कम दिली नाही आणि बदल्यात काहीही न घेता चांगला खेळाडू गेला.

डिव्हिन्चेन्झो मात्र फेब्रुवारी 2022 मध्ये दुसऱ्या वाटेने सॅक्रामेंटोत आलाच. जूनमध्ये संघाने त्याला क्वालिफाइंग ऑफर दिली नाही. म्हणजे त्याला रिस्ट्रिक्टेड ठेवण्याचा हक्कच सोडला, आणि तो वॉरियर्सकडे गेला. आमच्यातला एकच मित्र तेव्हा "असा बचाव करणारा गार्ड फुकट सोडू नका" म्हणत होता. बाकीच्यांचं सगळं लक्ष नव्या नावांवर. पुढच्या हंगामात किंग्ज सोळा वर्षांचा दुष्काळ संपवून प्लेऑफमध्ये पोहोचले. पहिल्याच फेरीत समोर वॉरियर्स. सातव्या सामन्यात, सॅक्रामेंटोच्याच मैदानावर, स्टेफ करीने 50 गुण केले आणि आमचा हंगाम संपला. समोरच्या संघात डिव्हिन्चेन्झो होता.