बिनकामाचं नागपूर : पोळ्याच्या करीला दोन दिवस असे काढा

आमच्या गावातून रोज कोणी ना कोणी नागपूरला जातं. कोणी दवाखान्यात, कोणी कोर्टाच्या तारखेला, कोणी पोट्ट्याच्या अ‍ॅडमिशनला. त्यामुळे नागपूर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे रांग येते आणि परतीच्या गाडीची घाई. मीही कित्येक वर्षं एवढंच नागपूर पाहिलं. मग एकदा आईला घेऊन नुसतं फिरायला गेलो. शेजारचे काका विचारत होते, "काम काय हाय बा तिथं?" काम काहीच नव्हतं. तशीच सहल कशी आखायची ते सांगतो.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. शनिवार-रविवारच हवा हा हट्ट सोडा, आपली सुटी पंचांगात असते. पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे कर, हा माझ्या मते उत्तम मुहूर्त. बैल विसाव्याला असतात, डवरणी-निंदणाचा जोर ओसरलेला असतो आणि त्याच दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. दोन दिवस गुराढोरांचं वैरण-पाणी पाहायला माणूस आधीच सांगून ठेवा. ते पक्कं झाल्याशिवाय मन तिकडे रमत नाही.

दुसरी अट कडक आहे: एकही काम सोबत न्यायचं नाही. आमच्या पहिल्या खेपेला "जातोच आहोत तर" म्हणून एका दवाखान्यातून रिपोर्ट आणायचं ठरवलं आणि अख्खी सकाळ बाकावर गेली. तेव्हापासून मी ती पिशवी घरीच ठेवतो.

जायला एसटी बरी. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे आई, मावशी, आजी यांना घरी ठेवायचं कारण उरत नाही. सगळ्यांची आधार कार्डं सोबत घ्या, लॉजवरही ती लागतात. खोली गणेशपेठ स्टँड किंवा बर्डीच्या (सीताबर्डीच्या) आसपास घ्या आणि फोन करून आधीच ठरवा, कारण मारबतीला गर्दी असते.

पहाटेची पहिली गाडी धरा. पोचल्यावर सामान खोलीत टाका, चौकातल्या ठेल्यावर तर्री-पोहे खा आणि थेट इतवारी गाठा. इथे मात्र घाई करू नका, दिवसाचा मोठा भाग इथेच द्या. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते, तेव्हा "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी अशी उठते की अंगावर काटा येतो. आपण गावात करीच्या सकाळी हेच म्हणत शिवेकडे जातो, इथे तेच अख्खं शहर म्हणतं. माझ्या आईने तर हात जोडले. मागून बडगे येतात. महागाई, भ्रष्टाचार, वर्षभरात लोकांना जे जे सोसावं लागलं त्याचे पुतळे करून गल्लीगल्लीतून फिरवतात. सरकारला एवढं मोकळेपणी बोलणारा दुसरा सण मला माहीत नाही. नेहरू पुतळ्याच्या अगदी जवळ न जाता एखाद्या दुकानाच्या पायरीवर जागा धरा. लेकरांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि दागिने घरीच राहू द्या.

संध्याकाळी सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण तिखट असतं, म्हणून लहानांसाठी आधीच वेगळं सांगा.

दुसऱ्या दिवशी मेट्रो. बर्डीच्या स्टेशनात दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात, तिथून कुठेही जाता येतं. आधी झिरो माइल, म्हणजे गावांची अंतरं दाखवणारा इंग्रजांच्या काळचा खांब. चार घोडे आणि वाळूच्या दगडाचा खांब आपण बसच्या खिडकीतून पाहिलेला असतो, आता उतरून त्यावर कोरलेली गावांची अंतरं वाचा. जवळच १९०७ सालचा मोजणीचा दगड आहे, देशाची जमीन मोजणाऱ्यांनी ठेवलेला. सातबाऱ्यासाठी चकरा मारलेल्या माणसाला तो दगड वेगळाच दिसतो.

मग कडबी चौकाला उतरून मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय बघा. हे २००२ साली उघडलं. आईचं माहेर दारव्ह्याकडचं, शकुंतला गाडीने ती सासर-माहेर करायची. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ती अडीच फुटी लाइन. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं, ते १९९४ पर्यंत धावलं. संग्रहालयात तसेच अरुंद रूळ आणि जुनी इंजिनं आहेत. आई एका डब्याच्या दांड्याला धरून बराच वेळ उभी होती आणि वाटेतल्या स्टेशनांची नावं पुटपुटत होती. मी तिला हलवलं नाही. घरात असं कोणी म्हातारं माणूस असेल तर हे ठिकाण वगळू नका. पोरांना वेळ उरला तर अजब बंगला, म्हणजे १८६३ चं संग्रहालय आहेच, फक्त सोमवारी ते बंद असतं.

परतण्याआधी चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, एक चक्कर मारा. पोळ्यानंतर चार-पाच दिवसांत गणपती येतात, त्यामुळे या गल्लीत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. डोळे रंगवणाऱ्या कारागिराजवळ शांत उभं राहा, विचारलंत तर बोलतात. घरचा गणपती इथूनच घ्यायचा असेल तर मातीचीच मूर्ती मागा आणि लहान घ्या. खोक्यात खाली गवत, बाजूने कागदाचे बोळे भरा आणि सुतळीने बांधा. गाडीत मागचं सीट घेऊ नका, तिथे गचके फार बसतात. वाहकाला सांगून पुढचं सीट घ्या आणि खोकं मांडीवरच ठेवा, गाव येईपर्यंत.