कोकणात रंगकामाचा धंदा वाढवताना कारागीर कसे जोडावेत

दोन-तीन माणसं हाताशी घेऊन घरोघरी रंगकाम करणाऱ्याला एखाद्या वर्षी बंगल्याचं, लॉजचं नाहीतर शाळेच्या इमारतीचं काम चालून येतं. घेतलं तर माणसं कमी पडतात, सोडलं तर पुढच्या वेळी कुणी विचारत नाही. अशा टप्प्यावर आलेल्या नव्या ठेकेदारांसाठी हे लिहितोय. मी रत्नागिरी आणि गुहागरच्या बाजूला रंगकामाचे ठेके घेतो. इथे काम करून माझं एक मत पक्कं झालंय. कोकणात चांगला कारागीर त्याच्याकडेच टिकतो, जो त्याला पावसाळ्यात काम देतो. रोज (दिवसाची मजुरी) किती द्यायचा, पारख कशी करायची, कागदपत्रं कोणती, हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण ते त्याच्या मागून येतं.

म्हणून माणसं शोधायला निघण्याआधी वर्षाचं कॅलेंडर पुढ्यात घ्या. बाहेरचं काम ऑक्टोबरात भिंती जरा सुकल्या की सुरू होतं आणि मे अखेरपर्यंत चालतं. मध्ये शिमगा येतो. पालखी घरी येण्याच्या दिवसांत गावचा माणूस कामावर येणार नाही, आणि त्याला विचारूही नये. एप्रिल-मेमध्ये आंबा काढणीला हात लागतात, त्यामुळे हाताखालची पोरं बागांकडे वळतात. उत्तर प्रदेश-बिहारकडचे कारागीर त्याच सुमारास लग्नकार्यासाठी गावी निघतात, आणि पुन्हा दिवाळी-छठला. नेमक्या याच मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, घाई असते. प्रत्येकाला मिरगाच्या आत बाहेरची भिंत उरकून हवी असते. मग जून उजाडतो, बाहेरचं काम बंद पडतं आणि बहुतेक ठेकेदार माणसांना सांगतात, 'आता दसऱ्याला या.'

खरी गंमत पुढे आहे. जुलै लागला की मुंबईहून चाकरमान्यांचे फोन सुरू होतात: गणपतीआधी घर आतून रंगवून ठेवा. ओटी, माजघर, देवाची खोली, सगळं एकदम. जूनमध्ये सोडलेली माणसं तोवर पांगलेली असतात. कुणी कोल्हापूरला, कुणी गोव्याला. ज्याने आपली माणसं धरून ठेवली तोच ही कामं वेळेत देऊ शकतो, आणि त्याच घरमालकाचं बाहेरचं काम ऑक्टोबरात त्यालाच मिळतं.

पावसात काम कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. दारं-खिडक्यांची पानं उतरवून शेडमध्ये आणायची आणि पॉलिश करायची. ग्रिल, फाटकं, शाळेचे बाक, हॉटेलांची टेबलं, ही तैलरंगाची कामं याच दिवसांसाठी राखून ठेवायची. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. त्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि हंगामाआधी त्यांना रंग लागतो. उघडीप मिळेल तसं आणि आडोशाखाली ते काम होतं, आणि तैलरंगावर हात बसलेल्या माणसाला ते जमतं. शिवाय गळती शोधायची ती पावसातच. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी माणूस पाठवून कुठे ओल उतरते, कुठून पाणी येतं, ते भिंतीवर पेन्सिलीने खूण करून फोटो काढून ठेवायचं. ऑक्टोबरात अंदाजपत्रक देताना त्या फोटोंइतकं उपयोगी दुसरं काही नाही. एवढं करून मी माणसांना मे महिन्यातच सांगतो, पावसाच्या प्रत्येक महिन्यात इतक्या हजेऱ्या नक्की भरतील, कमी पडल्या तर माझ्याकडून. तो आकडा लहान असला तरी चालेल, पण दिलेला शब्द पाळायचा.

आता माणसं कुठे मिळतात ते सांगतो. नाक्यावर बिगारी मिळतो, कारागीर क्वचितच. माझा भरवसा रंगाच्या दुकानदारावर जास्त. कोण कुठलं सामान नेतो, कुणाचं गिऱ्हाईक महिन्याभरात पोपडे आले म्हणून तक्रार घेऊन येतं, हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं. दुसरी जागा म्हणजे मुंबईहून परतलेले आपलेच लोक. २०२० च्या टाळेबंदीत गावी आलेल्यांपैकी काही जण परत गेले नाहीत. त्यांच्यातल्या कित्येकांनी मुंबईत मोठमोठ्या इमारतींवर काम केलेलं आहे, त्यांना स्प्रे मशिन आणि टेक्स्चर ठाऊक आहे. गावात मात्र ते फक्त शेती करताना दिसतात, त्यामुळे विचारल्याशिवाय कळत नाही. तिसरी जागा गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ज्याच्या हातून होते, त्याच्या हातून छताची कड किंवा दुरंगी पट्टा कधी वाकडा जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तो तुमचा नसतो, हे धरूनच त्याला ठेवायचं. आयटीआयमध्ये 'पेंटर जनरल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रत्येक आयटीआयमध्ये तो नसतो, पण तिथून आलेल्या मुलाला मापं, मिश्रणं आणि सुरक्षिततेच्या गोष्टी नीट शिकवलेल्या असतात. दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस अर्ध्या कामावरून फोडू नका. आपली गावं लहान आहेत, आणि असा आलेला माणूस तसाच जातोही.

पारख करण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवे लोक इथे घाई करतात. रोलर फिरवताना कुणीही बरा दिसतो. मी नव्या माणसाला पूर्ण रोज देऊन एक दिवस बोलावतो आणि त्या दिवशी रंगाचा डबा उघडू देत नाही. जुनी, चिऱ्याची, गिलावा केलेली भिंत दाखवतो. अशा भिंतीत खालच्या दोन-तीन फुटांत ओल चढलेली असते आणि पांढरा खार फुटलेला असतो. जाणता माणूस आधी तळहात फिरवतो. मग पट्टीच्या (खरवडायच्या पात्याच्या) मुठीने ठोकत जातो आणि जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा सुटलाय असं सांगतो. खार तो कोरड्या ब्रशने झाडतो. लगेच पाणी मारलं तर तोच खार विरघळून परत भिंतीत शिरतो, हे त्याला ठाऊक असतं. शंका आली तर हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवतो आणि रात्रभर ठेवतो. सकाळी भिंतीच्या बाजूने थेंब जमलेले दिसले तर अस्तराचा (प्रायमरचा) हातसुद्धा लावायचा नाही. माझ्याकडचा सर्वांत जुना कारागीर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "शेठ, ही भिंत आज घेऊ नका, हिच्यात ओल आहे." रोज बुडेल याची फिकीर न करता जो हे बोलतो, तो माणूस ठेवून घ्यावा.

दुसऱ्या दिवशी लांबी, म्हणजे पुट्टी. दोन पातळ हात, पहिला उभा तर दुसरा आडवा, आणि मध्ये सुकायला वेळ. एकाच जाड हातात उरकणारा माणूस पुढे भेगा देतो. बाहेरच्या भिंतीला आतली अ‍ॅक्रिलिक लांबी चालते का, असं सहज विचारून बघा. नाही म्हणाला पाहिजे, तिथे पांढऱ्या सिमेंटची लागते. घासून झालं की अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून तिरका प्रकाश टाका. दिवसा न दिसलेले सगळे उंचवटे आणि पट्टीच्या रेघा सावल्यांसकट उमटतात. मग दोन इंची ब्रशने छताची कड ओढायला सांगा, टेप न लावता. आणि संध्याकाळी तो ब्रश कसा धुतो ते बघा. मुळाशी रंग सुकू देणारा तुमच्या सामानाची नासाडी करणार.

प्रश्न विचारायचे तर खरे विचारा. मी विचारतो: २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला, आणि त्या वर्षी गणपती १० सप्टेंबरला होते. पाण्यात बुडालेली भिंत मालक सणाआधी चकाचक करून मागतोय, तुम्ही काय कराल? सात आठवड्यांत, तेही पावसात, अशी भिंत पुरी वाळत नाही. चांगला कारागीर सांगतो की गाळ धुवायचा, जुना रंग खरवडून भिंत मोकळी करायची, सणापुरता साधा चुना मारायचा आणि प्लास्टिक रंग उन्हाळ्याच्या तोंडावर. नव्या गिलाव्याबद्दलही असंच विचारा. निदान २८ दिवस तरी तो सोडावा लागतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्याहून जास्त.

'पेंटर पाहिजे' अशी मोघम भरती करू नका. लांबी आणि घासकामाचा माणूस वेगळा, पॉलिशचा वेगळा, स्प्रेचा वेगळा, वॉटरप्रूफिंगचा वेगळा. पॉलिशवाला सर्वांत दुर्मीळ. आपल्याकडे जुन्या घरांत सागवान आणि फणसाचं लाकूड भरपूर, त्यामुळे त्याला बारमाही काम देता येतं. तो मिळाला तर रोजाची घासाघीस करू नये. प्रत्येक कारागिराबरोबर एक गावचा मुलगा जोडून द्या आणि मुलाने काय काय शिकावं हे कारागिराला आधीच सांगा. तयार माणूस शोधण्यापेक्षा या वाटेने आलेली माणसं मला जास्त वर्षं पुरली आहेत.

पैशाचं थोडक्यात. खरवडणं, ओल बघणं, लांबी, घासणं, हे रोजावर द्या. शेवटचे दोन हात चौरस फुटावर दिले तरी चालतात. सगळंच अंगावर, म्हणजे उक्तं, दिलं की घाई होते आणि ती घाई तयारीच्या कामात लपते. हिशोब आठवड्याला, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. उचल गणपतीला आणि शिमग्याला मागितली जाणारच, ती धरून पैसे बाजूला ठेवा. हजेरीची वही दोघांच्या सहीची असावी.

कागदपत्रांकडे काणाडोळा करू नका. रंगकाम करणारे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करू शकतात. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला तुम्ही द्यायचा आहे, तो देताना कुरकुर नको. हजेरीची वही इथे कामाला येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण आहे, बँकेत खातं असलं की झालं. एवढ्यावर थांबू नका, कामगार भरपाईची पॉलिसी ठेकेदाराने स्वतः काढावी. माणसं दहा झाली की ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि वीस झाली की पीएफचं बघावं लागतं, त्याआधीच सीएला गाठा.

उंचीवर काम करणाऱ्याला हार्नेस, शिडीचा पाय दर चार फूट उंचीला एक फूट बाहेर, परांचीचे बांबू पावसानंतर नव्याने तपासलेले. जुना तैलरंग घासताना मास्क आणि ओलं घासणं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या दारांवर, खिडक्यांवर काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, आणि ती धूळ आपल्या माणसाच्या छातीत जाते. घरात लहान मूल असेल तर मालकिणीला सांगून त्या दिवशी ती खोली बंद ठेवायला लावा.

बाहेरगावच्या कारागिरांना राहायला जागा तुम्ही बघा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी, संडास, कोरडी झोपायची जागा आणि डाळ-भात शिजवायची सोय. पावसात गळक्या खोलीत ठेवलेला माणूस गावी गेला की परत येत नाही.

दोन ठिकाणी एकाच वेळी काम सुरू करण्याआधी एक मुकादम तयार करा. सर्वांत सफाईदार हात असलेल्याला मुकादम करण्याची गरज नाही, त्याला कामावरच राहू द्या. घरातल्या वहिनींशी, आजींशी नीट बोलणारा, डब्यांचा हिशोब रोज लिहिणारा आणि ओली भिंत दिसली की मालकासमोर काम थांबवणारा माणूस बघा. त्याला आधी जून-जुलैमध्ये एका छोट्या घराचं आतलं काम पूर्ण सोपवा. सामान उतरवण्यापासून फरशी पुसून चावी परत देण्यापर्यंत तो ते निभावून नेतो का ते बघा, आणि मगच ऑक्टोबरात त्याच्या हाती दुसरी साइट द्या.