चेक पूर्वजांचं गाव शोधताय? मी केलेल्या या चुका टाळा

आमच्या सासरी चार पिढ्या एकच वाक्य चालत आलंय, आपले लोक प्रागचे. मी लग्न होऊन आयोवातल्या सीडर रॅपिड्सला आले तेव्हा पहिल्याच ख्रिसमसला सासूबाईंनी कोलाच्यांत, म्हणजे त्यांच्या गोड पावांत, खसखशीचं सारण भरता भरता मला हे सांगितलं आणि मीही तेच धरून चालले. पुढे लेक झाली. तिला माझ्याकडचं गाव माहितीये, देवी माहितीये, आणि बापाकडचं नुसतं प्राग, हे काही मला बरं वाटेना, म्हणून शोधायला बसले. पाच वर्षं लागली. गाव निघालं प्रागपासून शंभरेक किलोमीटर खाली, ताबोरच्या बाजूचं, पन्नास-साठ उंबऱ्यांचं. प्राग ही काही थाप नव्हती, पुरंदरच्या वाडीतला माणूस परमुलखात गेला की पुण्याचा म्हणून सांगतो ना, तसंच ते. पण त्या पाचातली तीन वर्षं तरी माझी टाळता येण्यासारख्या चुकांत गेली, आणि आता नेब्रास्का, टेक्सास, विस्कॉन्सिन, शिकागो अशा ठिकाणी चेक घरांत लग्न होऊन गेलेली मराठी मुलं-मुली बरीच आहेत, त्यांची तरी जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

गाव माहीत नसताना थेट तिकडच्या रजिस्टरांत घुसणं

ही सगळ्यात मोठी. चेकमधल्या चर्चची जन्म-लग्न-मृत्यूची जुनी रजिस्टरं, त्यांना तिकडे मात्रिकी म्हणतात, आता घरबसल्या फुकट बघता येतात (बोहेमिया आणि मोराविया हे चेकचे दोन मोठे प्रांत), दक्षिण बोहेमियाची त्र्झेबोनच्या आर्काइव्हच्या साइटवर, मोरावियाची बरीचशी ब्रनोच्या. ते बघून हात शिवशिवतात. पण ही रजिस्टरं गावाप्रमाणे लावलेली आहेत, आडनाव टाकलं आणि माणूस आला असं बहुतेक होत नाही, आणि नोव्हाक किंवा द्वोर्झाक म्हणजे आपल्याकडचे पाटील आणि जाधव. गावाचं नाव कळलं तरी ते कुठलं हा प्रश्न असतोच, ल्होता नावाची गावं तिकडे शेकड्यांनी आहेत, नोव्हा व्हेस म्हणजे नवं गाव, तीही ढीगभर. म्हणून आधी अमेरिकेतले कागद पिळून काढा. १९००च्या जनगणनेत माणूस कुठल्या वर्षी अमेरिकेत आला ते आणि जन्माचा महिना-वर्ष लिहिलेलं असतं. १८९०ची जनगणना शोधत बसू नका, ती १९२१च्या आगीनंतर जवळजवळ सगळी गेली. नागरिकत्वाच्या कागदांवरही फार आशा ठेवू नका, १९०६च्या आधीच्या बहुतेक कागदांत ऑस्ट्रियाच्या सम्राटाची निष्ठा सोडतो एवढंच असतं, गाव क्वचित. आणि बायकांचे वेगळे कागद १९२२पर्यंत सहसा नसतातच, नवरा नागरिक झाला की बायको आपोआप झाली.

देशाच्या नावावरून गोंधळ

चेकोस्लोव्हाकिया हा देशच १९१८ला झाला. एकोणिसाव्या शतकात निघालेली माणसं ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून निघाली, म्हणून कागदावर कधी ऑस्ट्रिया, कधी बोहेमिया, जहाजावर कधी चक्क जर्मन असं लिहिलेलं दिसतं. ऑस्ट्रिया बघून मी व्हिएन्नाच्या मागे लागले होते, सहा महिने. गावांची नावंही जर्मनमध्ये असतात, बुडवाइस म्हणजे चेस्के बुद्येयोवित्से, कुटनबर्ग म्हणजे कुटना होरा. आधी दोन्ही नावांची यादी करून ठेवा, मगच शोधा.

एलिस आयलंडवर नाव बदललं

हे प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि ते खरं नाही. एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातलं बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणीचं केंद्र, उघडलंच १ जानेवारी १८९२ला. तुमचे लोक १८६७ला आले असतील तर ते तिथे उतरलेच नाहीत, न्यूयॉर्कला आले असतील तर त्याआधीच्या केंद्रात, कॅसल गार्डनला, ते १८५५ ते १८९० चालू होतं. आणि कारकुनाने नावं बदलली वगैरे काही नाही, त्याच्या हातात जहाजावरूनच भरून आलेली यादी असायची. नावं लोकांनी स्वतः बदलली, हळूहळू, शेजाऱ्यांना उच्चारता येईनात म्हणून.

शिवाय न्यूयॉर्क एके न्यूयॉर्क करू नका. जर्मनीतल्या ब्रेमेनहून बाल्टिमोरला यायची बोटींची मोठी लाइन होती, टेक्सासला जाणारे मोरावियाचे लोक गॅल्व्हेस्टनला उतरायचे, काही न्यू ऑर्लिन्स, काही क्वेबेकहूनही. निघायच्या बंदराच्या याद्या म्हणाल तर हॅम्बुर्गच्या १८५०पासून टिकल्यात आणि त्यात शेवटचा पत्ता असतो, म्हणजे सोनंच, पण तिथे दोन प्रकारच्या याद्या आहेत, थेट जाणाऱ्यांची वेगळी आणि इंग्लंडमार्गे लिव्हरपूलहून जाणाऱ्यांची वेगळी, दोन्ही बघा. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र नाहीत, काही जागा नाही म्हणून फाडल्या आणि उरलेल्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आमचे ब्रेमेनचेच. तिथे डोकं फोडण्यात अर्थ नाही, अमेरिकेत उतरतानाची यादीच बघायची.

एकाच माणसाची तीन नावं

आमच्या खापरपणजोबांचं नाव थडग्यावर वात्स्लाव, जहाजाच्या यादीत वेन्झेल आणि आयोवाच्या जनगणनेत जेम्स. मी कितीतरी दिवस हे तीन भाऊ समजून चालले होते! वात्स्लावचं जर्मन रूप वेन्झेल, आणि अमेरिकेत या लोकांनी सर्रास जेम्स घेतलं, का ते बघत बसू नका, फक्त लक्षात ठेवा. वोयत्येख असेल तर जर्मनमध्ये आडालबेर्ट, अमेरिकेत आल्बर्ट किंवा जॉर्ज. फ्रांतिशेकचा फ्रँक. बायकांच्या आडनावाला मागे ओव्हा लागतं, नोव्हाकची बायको किंवा मुलगी नोव्हाकोव्हा, आणि अमेरिकेत ते ओव्हा गळतं, तेव्हा ओव्हासकट आणि ओव्हाशिवाय दोन्ही शोधा.

थडग्यावरचं गाव जसंच्या तसं नकाशात टाकणं

इथे जरा थांबून सांगते कारण इथे आपल्याला, मराठी माणसाला, खरंतर फायदा आहे आणि तोच मी घेतला नाही.

सीडर रॅपिड्सला चेक नॅशनल सेमेटरी आहे, तिथले जुने दगड चेकमध्येच आहेत. वर लिहिलेलं असतं, झ्दे ओदपोचीव्हा, म्हणजे इथे विसावा घेतोय. खाली नाव, मग नार म्हणजे जन्म, झेम म्हणजे मृत्यू, बाईचा दगड असेल तर रोझ म्हणजे माहेरचं नाव. आणि नशीब असेल तर जन्मगाव. आमच्या दगडावर शेवाळ चढलेलं, मी आणि लेक पाण्याची बाटली आणि मऊ ब्रश घेऊन गेलो (तारेचा ब्रश, ब्लीच, अजिबात वापरू नका, दगड कायमचा जातो), हळूहळू घासलं, ऊन कलल्यावर तिरप्या उजेडात अक्षरं दिसायला लागली, लेक एकेक अक्षर वाचतेय आणि मी वहीत लिहितेय. गावाचं नाव मिळालं. घरी येऊन नकाशात टाकलं तर असं गावच नाही. स्पेलिंगं बदलून बदलून टाकली, तरी नाही. वर्ष गेलं.

आणि मग एकदा फोनवर आईला सांगत होते की दादा साताऱ्याला गेलाय का, आणि बोलता बोलताच डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सातारा, पण साताऱ्याला. पुणे, पण पुण्यात. कोणी पुण्या नावाचं गाव नकाशात शोधलं तर सापडेल का? चेकमध्ये अगदी हेच होतं, नावाला विभक्ती लागली की शेपूट बदलतं. प्राहा, पण प्रागमध्ये म्हणायचं तर व प्राझे आणि प्रागहून म्हणायचं तर झ प्राही. प्लझेन, पण व प्लझ्नी. ल्होता, पण वे ल्होत्ये. दगडावर जन्मला अमुक गावात असं लिहिणार म्हणजे तिथे मूळ नाव नसणार, सामान्यरूपच असणार. मूळ रूप काढलं आणि दहा मिनिटांत गाव नकाशावर होतं. मी रडले खरंच.

महिन्यांचंही सांगून ठेवते, चेर्व्हेन म्हणजे जून आणि चेर्व्हेनेत्स म्हणजे जुलै. दगड झिजलेला असला की शेवटची अक्षरं जातात आणि महिना चुकतो. आणि रजिस्टरांत सातचा आकडा आणि त्याला जोडून बर लिहिलेलं दिसेल, तो जुलै नाही, तो सप्टेंबर. आठ बर ऑक्टोबर, नऊ बर नोव्हेंबर, लॅटिन अंकांवरून आलेलं ते.

चर्चमध्ये काही नाही म्हणून हात टेकणं

घरचे कॅथलिक होते म्हणजे इथल्या चर्चमध्ये नोंद असणार असं धरून चालू नका. अमेरिकेत आल्यावर चेक लोकांतले पुष्कळ जण चर्च सोडून मुक्तविचारी झाले, म्हणूनच तर त्यांनी स्वतःच्या स्मशानभूमी काढल्या, शिकागोची बोहेमियन नॅशनल सेमेटरी १८७७ची आहे. त्यांचे कागद सापडतात त्यांच्या मदत मंडळांत, विम्याची भिशीच म्हणा ना, सभासद मेला की विधवेला पैसे मिळायचे. सेंट लुईसला १८५४ला निघालेली चेएसपीएस आणि तिच्यातून १८९७ला ओमाहात वेगळी झालेली झेडसीबीजे, ही दोन मंडळं आधी बघा. आणि चेक भाषेतली जुनी वर्तमानपत्रं, त्यातल्या मृत्यूच्या बातम्यांत गाव बऱ्याचदा असतं.

अजून एक, शेजारी बघा. ही माणसं एकेकटी आली नाहीत, आधी एक घर आलं, त्याने पत्र लिहिलं, मग मेहुणा, मग गावातली चार घरं. तुमच्या दगडावर गाव नसेल तर जनगणनेत शेजारी राहणाऱ्याच्या दगडावर असेल.

पहिली नोंद दिसली की तीच आपली

गाव सापडल्यावर ही चूक केली. मात्रिकीत बरोबर नाव, बरोबर बाप, वर्ष दोनेक इकडेतिकडे, आणि मी वंशवृक्षाचं झाड भरून टाकलं, सासूबाईंना प्रिंट काढून दिली. नंतर नीट झूम करून बघितलं तर नावाशेजारी बारीक क्रॉस, फिकट शाईत, आणि तारीख. ते बाळ तीन महिन्यांचं गेलं होतं. चार वर्षांनी त्याच आई-बापाला मुलगा झाला आणि त्याचंही नाव वात्स्लावच ठेवलं. आमचा तो दुसरा. तेव्हा कुठलाही जन्म झाडात टाकायच्या आधी पुढची दहा-पंधरा वर्षं मृत्यूचं रजिस्टर बघा, सगळी भावंडं काढा.

हे करायला घर नंबर धरा. १७७०-७१ला तिकडे घरांना नंबर दिले गेले आणि रजिस्टरांत जन्म-लग्न-मृत्यू सगळ्याला घर नंबर लिहिलेला असतो, त्यामुळे एकाच नावाची दोन घरं गावात असली तरी वेगळी काढता येतात. मधे कधी नंबर बदललेही आहेत, तेवढं लक्षात असू द्या. नावापुढे यिनाक किंवा वुल्गो असं दिसलं तर ते आपलं उर्फ. जावई सासऱ्याच्या घरात राहायला गेला की लोक त्याला त्या घराच्या नावाने ओळखायचे, आणि मग एकाच माणसाची मुलं दोन आडनावांनी नोंदलेली सापडतात.

लिपीला घाबरू नका. जर्मन कुर्रेंट ही त्यांची मोडीच समजा, पहिल्यांदा नुसत्या लाटा दिसतात. मी आमचं आडनाव आणि गावाचं नाव त्या लिपीत कागदावर पन्नास वेळा गिरवलं, तो कागद स्क्रीनशेजारी चिकटवला, महिनाभरात डोळ्यांना ते शब्द आपोआप दिसायला लागले.

उपाशी होते म्हणून पळाले असं समजणं

घरोघरी हीच गोष्ट असते, नाहीतर मग सैन्यातून पळून आले ही. सैन्याचं काही घरांत खरंही असेल, १८६६चं ऑस्ट्रिया-प्रशियाचं युद्ध त्यांच्याच शेतांतून लढलं गेलं. पण पूर्ण कफल्लक माणसाला एवढ्या लांबचं तिकीटच परवडणारं नव्हतं. आलेले बरेच जण खालुपनीक होते, म्हणजे छोटं घर आणि तुकडाभर जमीन असलेले. १८४८ला वेठबिगार बंद झाली, पण तेवढ्या तुकड्यावर पाच पोरांचं कसं भागणार? आणि इकडे १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळत होती. घर विकून आले ते. म्हणूनच तिकडच्या जमिनीच्या पुस्तकात विक्रीची नोंद शोधा, लोक ही पायरी सोडून देतात. आमची सापडली, १८६७च्या वसंतातली, निघायच्या सहा आठवडे आधीची. त्यात एक कलम आहे, म्हातारी आई त्याच घरात मागच्या खोलीत मरेपर्यंत राहील आणि नव्या मालकाने तिला वर्षाला इतकं राय नावाचं धान्य, इतकं दूध द्यायचं. म्हणजे आईला मागे ठेवून आले होते. घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, तिचं नाव काय होतं? ते करारात नाहीये, नुसतं विकणाऱ्याची आई एवढंच आहे, म्हणून आता मृत्यूच्या रजिस्टरात त्या घर नंबरावर १८६७पासून पुढे एकेक पान बघतेय, १८७१पर्यंत आलेय.