लोखंडाच्या किसाने चुंबकाच्या रेषा काढायच्या तर कागद हलवू नका

पट्टी चुंबक, जाडसर पांढरा कागद, लोखंडाचा कीस, एवढं जमवलंय असं धरून चालतो. लेथखालच्या (धातू कातायच्या यंत्राखालच्या) चिप्स मात्र आणू नका, त्या वेटोळ्या असतात, एकमेकींत अडकतात आणि वळतच नाहीत. साधा खिळा कानशीने घासा, अर्धा चमचा पुरतो. चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला कारण उघड्या चुंबकाला एकदा कीस चिकटला की सगळा काही निघत नाही. दोन्ही बाजूंना चुंबकाएवढ्या जाडीच्या वह्या, वर कागद, पंखा बंद.

आता खरी गोम. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं "कीस टाका आणि कागद हळूच हलवा", मीही कित्येक दिवस तेच करायचो आणि दरवेळी दोन टोकांना दोन काळे गोळे, मध्ये कागद कोरा! हलवायचं नाहीच. चुंबकाजवळ किसाचा प्रत्येक कण स्वतःच छोटा चुंबक होतो, त्याला वळायचं असतं पण कागदाचं घर्षण त्याला धरून ठेवतं. टिचकी मारली की तो क्षणभर उडतो, तेवढ्यात वळतो आणि शेजारच्याच्या टोकाला टोक लावून बसतो. आडवं हलवलंत तर वळायच्या आधीच घसरत ध्रुवाकडे जातो. म्हणून कीस मलमलच्या दुहेरी फडक्यातून, वीतभर उंचीवरून, कागद करडा दिसेल इतकाच भुरभुरवा. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने कागदाच्या कडेला वरून हलक्या चार-पाच टिचक्या, आणि थांबा. पुढची प्रत्येक टिचकी चित्र बिघडवते.

ते छोटे चकचकीत, फार जोरदार निओडिमियम चुंबक यासाठी नकोतच, कीस साळिंदराच्या काट्यांसारखा उभा राहतो. तेच असतील तर चुंबक आणि कागदाच्या मध्ये सेंटिमीटरभर जाड पुस्तक ठेवा.

दोन चुंबकांचे सारखे ध्रुव समोरासमोर, तीनेक सेंटिमीटर अंतरावर ठेवून बघाच, रेषा एकमेकींपासून वळून लांब जातात आणि मधोमध एक जागा रिकामी राहते. पण दोन रेषांमधल्या फटीत चुंबकत्व नसतं असं मुलांना अजिबात सांगू नका, चुंबकाचं क्षेत्र, म्हणजे त्याचा प्रभाव, तिथेही असतं, फक्त कण रांगेत जुळल्यामुळे फट पडलेली दिसते.

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने 1851 मध्ये अशी चित्रं मेणाच्या कागदावर पक्की केली होती, आपल्याला वरून काढलेला फोटो पुरे. आवरताना कागद सरळ वर उचला, त्याला घडी पाडून तिच्यातून कीस बाटलीत ओता आणि झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात गंजून गोळा झालेला कीस फडक्यातून पडत नाही.