विषाणूचा वंशवृक्ष कसा मांडावा आणि कसा वाचावा

खडकांत विषाणूंचे जीवाश्म सापडत नाहीत, त्यामुळे एखाद्या विषाणूचे मूळ शोधायचे तर त्याच्या जनुकीय क्रमांची (जनुकीय द्रव्यातील अक्षरांच्या मांडणीची) तुलना करूनच पुढे जावे लागते. जेनबँकसारख्या खुल्या संग्रहातून क्रम निवडताना नमुना कोणत्या तारखेला, कोठे आणि कोणत्या प्राण्यातून घेतला याची नोंद आधी तपासावी. तारीख नसलेला क्रम नाते दाखवू शकतो, पण काळ ठरवताना त्याची फारशी मदत होत नाही. त्यानंतर समान स्थाने एकाखाली एक येतील अशा रीतीने सर्व क्रम जुळवून घ्यावेत.

वृक्ष मांडण्यापूर्वी जनुकांची अदलाबदल झाली आहे का, हे पाहणे अत्यावश्यक आहे आणि नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात. 2009 मध्ये जगभर पसरलेल्या एच1एन1 फ्लूच्या विषाणूत जनुकीय द्रव्याचे आठ तुकडे होते. त्यांपैकी दोन युरेशियातील डुकरांमधील वंशाचे, तर उरलेले सहा उत्तर अमेरिकेतील डुकरांमध्ये आधीच मिश्रण झालेल्या विषाणूचे होते. अशा विषाणूसाठी एकच वृक्ष मांडला तर तो दिशाभूल करतो, म्हणून प्रत्येक तुकड्याचा वृक्ष स्वतंत्रपणे मांडावा.

वृक्षाचे मूळ ठरवण्यासाठी जवळचा, पण गटाबाहेरचा विषाणू सोबत घ्यावा. एचआयव्ही-1च्या एम गटासाठी, म्हणजे जगभर एड्स पसरवणाऱ्या गटासाठी, चिंपांझींमधील एसआयव्ही हा एचआयव्हीसारखा विषाणू तसा नातेवाईक आहे. काँगोतील किन्शासा येथील 1959 आणि 1960 सालच्या नमुन्यांतील विषाणूंमध्ये इतका फरक आढळला की त्यांचे वंश कित्येक दशके आधीच वेगळे झाले असले पाहिजेत; बदलांचा वेग लक्षात घेऊन केलेल्या गणितानुसार त्यांचा समान पूर्वज विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत येतो. मात्र ही तारीख अभ्यासलेल्या वंशांच्या समान पूर्वजाची आहे. विषाणू माणसात शिरला तो क्षण त्याहून जुना असू शकतो, हे वाचताना कधीही विसरू नये.

फार मागे गेल्यावर ही पद्धत थकते, कारण आरएनए विषाणूंमध्ये (ज्यांचे जनुकीय द्रव्य डीएनएऐवजी आरएनए असते) एकाच स्थानी पुन्हा पुन्हा बदल होऊन जुन्या खुणा पुसल्या जातात. तेथे दोन आधार उपयोगी पडतात. पहिला आधार यजमानाच्या डीएनएमध्ये अडकलेल्या विषाणूंच्या अवशेषांचा. मानवी जीनोमचा सुमारे 8 टक्के भाग रेट्रोव्हायरससदृश (यजमानाच्या डीएनएत स्वतःची प्रत घालणाऱ्या विषाणूंसारख्या) अवशेषांचा आहे. दुसरा आधार प्रथिनांच्या घडीचा, म्हणजे त्यांच्या त्रिमितीय आकाराचा, जो क्रम बदलले तरी टिकून जुने नाते सुचवू शकतो: माणसातील अॅडेनोव्हायरस आणि जीवाणूंना ग्रासणारा पीआरडी1 यांच्या कवचप्रथिनांची घडी विलक्षण सारखी आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत सुंदर पुरावा तोच आहे.

सर्व विषाणूंचा मिळून एकच वृक्ष मांडण्याचा प्रयत्न मात्र करू नये. सर्वांमध्ये आढळणारे एकही जनुक नाही. काही विषाणू पेशीपूर्व काळातील असावेत, काही पेशीतून निसटलेल्या जनुकांपासून, तर काही ऱ्हास पावलेल्या पेशींपासून उपजले असावेत, ही तिन्ही गृहीतके प्रत्येक कुळासाठी वेगवेगळी तपासावी लागतात.