उपग्रहांनी गुरुत्व मोजायचंय? आधी वजाबाकी शिका

‘पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजतो’ असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘त्यात मोजायचं काय राहिलंय? ९.८ तर शाळेतच पाठ करून घेतात.’ आमचं पोट त्या ९.८ च्या पुढच्या आकड्यांवर चालतं. दहा सेंटीमीटर पाण्याचा थर जमिनीवर पसरला तर फरक पडतो तो दशांशचिन्हानंतर आठव्या स्थानावर. हा फरक अवकाशातून पकडायचा, तोही महिन्याच्या महिन्याला.

अमेरिका आणि जर्मनीची ग्रेस ही गुरुत्व मोजणारी मोहीम त्याचं उत्तम उदाहरण. १७ मार्च २००२ ला दोन उपग्रह सोडले. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर एकामागे एक, मध्ये साधारण २२० किलोमीटर अंतर. वाटेत जास्त वस्तुमानाचा प्रदेश आला की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि अंतर वाढतं. मग मागच्याची पाळी येते. अंतरातला हा बदल मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पातळीवर मोजायचा. खाली कॅमेरा रोखलेला नाही, उपग्रह स्वतःच उपकरण. (व्हॅनगार्ड-१ हा १९५८ चा छोटा उपग्रह, ज्याच्या कक्षेवरून पृथ्वी किंचित नासपतीसारखी असल्याचं कळलं, तोही १७ मार्चचाच. युरोपचा गुरुत्व मोजणारा उपग्रह गोस २००९ मध्ये गेला, तारीख तीच. मुहूर्त काढणारा कोण, देव जाणे.)

नवीन मुलं हे ऐकून येतात आणि मग हिरमुसतात, कारण पहिली काही वर्षं गुरुत्व हाती लागतच नाही. अंतर बदलतं ते भरती-ओहोटीने, हवेच्या दाबाने, वातावरणाच्या घर्षणाने, सूर्यप्रकाशाच्या दाबाने. घर्षण आणि प्रकाशदाब उपग्रहातला ॲक्सेलरोमीटर (त्वरणमापक) टिपतो. बाकीचं मॉडेलवरून वजा करायचं. हिमयुगातला बर्फ गेल्यावर जमीन अजून वर उचलली जातेय, तेही वजा. एवढं करून उरतं ते बहुतांशी पाणी आणि बर्फ. माझ्या सुरुवातीच्या काळात पाण्याचा विषय क्वचितच निघायचा. दिवस जायचे ते समुद्राच्या भरतीची दोन मॉडेल्स एकमेकांशी का जुळत नाहीत हे पाहण्यात. ज्याला यात गंमत वाटत नाही, त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

पदवी भौतिकशास्त्राची, गणिताची, स्थापत्याची की सर्वेक्षणाची, याने फारसं अडत नाही. अडतं ते रेषीय बीजगणित कच्चं असलं की. लीस्ट स्क्वेअर्स (ढीगभर मोजण्यांतून सर्वांत जुळणारं उत्तर काढायची रीत), त्रुटींचं गणित आणि स्फेरिकल हार्मोनिक्स (गोलावरचं क्षेत्र लहान-मोठ्या लहरींच्या बेरजेत मांडायची रीत) या तिन्हींवर हात बसला पाहिजे. प्रोग्रॅमिंग कुठल्याही भाषेत चालेल, पण फोर्ट्रान या जुन्या भाषेतला कोड वाचायची तयारी ठेवा.

प्रवेशपरीक्षा म्हणून एक काम सुचवतो, कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकेतलं ऑस्टिन, जर्मनीतलं पॉट्सडॅम आणि नासाची जेपीएल प्रयोगशाळा ही तीन केंद्रं ग्रेसचं मासिक गुरुत्वक्षेत्र स्वतंत्रपणे काढतात आणि ते फुकट मिळतं. साठाव्या डिग्रीपर्यंतची फाईल घ्या (डिग्री जितकी वरची, तितका तपशील बारीक). त्यात साडेतीन हजारांहून थोडे जास्त सहगुणक, म्हणजे त्या लहरींची मापं असतात, म्हणजे जमिनीवर तीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा तपशील. दोन महिन्यांची वजाबाकी करून नकाशा काढा. उत्तर-दक्षिण पट्टेच पट्टे दिसतील. तो निसर्ग नव्हे, मोजणीचा गोंगाट आहे. आता सौम्यीकरण लावा, म्हणजे शेजारच्या आकड्यांची सरासरी घ्या, पट्टे जातील. पण त्यांच्यासोबत खरा संकेतही थोडा पुसला जाईल आणि नदीच्या खोऱ्यातलं पाणी शेजारच्या समुद्रात सांडलेलं दिसेल. किती पुसायचं, किती ठेवायचं आणि का, हे दोन पानांत पटवून लिहिता आलं तर कुठल्याही गटाकडे अर्ज करायला हरकत नाही. मी तरी गुणपत्रिकेआधी ती दोन पानं वाचेन.

नवख्यांना न सांगितली जाणारी एक गोष्ट: ग्रेस काही सगळंच नीट मोजत नाही. ध्रुवांकडच्या चपटेपणाचा सहगुणक तिच्याकडून विश्वासार्ह मिळत नाही, म्हणून तो लॅजिओससारख्या उपग्रहांवर जमिनीवरून लेझर मारून काढलेला घालतात. लॅजिओस म्हणजे १९७६ सालचा, आरसे जडवलेला ६० सेंटीमीटरचा गोळा. जुनं तंत्र आहे म्हणून ते शिकायचं टाळू नका.

नोकरीचं गणित मोहिमांवर चालतं. पाच वर्षांसाठी आखलेली ग्रेस पंधरा वर्षं चालली, २०१७ मध्ये थांबली. तिची वारसदार ग्रेस-एफओ मे २०१८ मध्ये गेली आणि मधल्या काळाची मोजणी नाहीच. ज्यांचा प्रबंध नेमका सलग मालिकेवर बेतलेला होता, त्यांचे हाल झाले. म्हणून प्रबंधाचा विषय एकाच उपग्रहाला बांधू नका. भूजल, हिमनद्या, समुद्रपातळी यांपैकी एखादं क्षेत्र सोबत धरा. उत्तर भारतातलं भूजल २००२ ते २००८ दरम्यान १०९ घनकिलोमीटरने घटल्याचं २००९ मध्ये ग्रेसवरून मांडलं गेलं. तेव्हापासून जलविज्ञानाचे लोक आम्हाला ओळखू लागले, त्यांच्याकडेही जागा निघतात.

ग्रेस-एफओवर दोन उपग्रहांमधलं अंतर लेझरने मोजण्याचा प्रयोग नेहमीच्या मायक्रोवेव्ह मोजणीपेक्षा सरस ठरला. पुढच्या ग्रेस-सी मोहिमेत लेझर हेच मुख्य उपकरण असेल. आज पदवीला असाल तर ऐच्छिक विषयांत इंटरफेरोमेट्री, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींवर पाडून अंतर मोजायचं तंत्र, घ्या. ती येणारी माणसं आमच्या गटांत अजून कमीच आहेत.